पूजेच्या डब्यातले आठ सेल

कॅमेऱ्याचा फ्लॅश चार पेन्सिल सेलवर चालतो, हे पनवेलला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमच्या वाशिमकडच्या गावात सेल टॉर्चमध्ये जायचे, मंद झाले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, आणि तरीही पेटले नाहीत तर उकिरड्यावर. पुन्हा भरता येणारे सेल असतात, त्यांच्यात किती वीज मावते त्याचे आकडे वर छापलेले असतात आणि ते आकडे बघून माणसं वाद घालतात, हे सगळं मी इथे शिकले.

मी आठवीतून शाळा सोडली. म्हणजे ती सुटली. कोणी काढलं नाही आणि कोणी थांबवलंही नाही. पनवेलला आले ती न्हावा शेव्याच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगचं काम मिळणार होतं म्हणून. गेटपासला फोटो हवे होते, म्हणून जुन्या पनवेलच्या बाजारातल्या एका स्टुडिओत शिरले. फोटो काढून झाले आणि मालकांची बायको म्हणाली, आमच्याकडची मुलगी लग्न करून गेली, तू लॅमिनेशन करशील का? मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येत नाही. त्यांनी नाव-गाव विचारायच्या आधी मला बसायला स्टूल दिलं होतं, बहुधा म्हणून. गोदामाचा गेटपास मग काढलाच नाही.

मालकांना मी दादा म्हणते आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वयाने ते माझ्या वडिलांच्या जवळपास आहेत, पण सगळा बाजार त्यांना दादाच म्हणतो. गव्हाणपासून उरणच्या रस्त्यापर्यंतची आगरी लग्नं वर्षानुवर्षं दादांकडे. हळदीला बायकांच्या घोळक्यात बाईमाणूस फोटो काढायला असलेलं बरं, म्हणून दादांनी मला हळूहळू कॅमेरा हातात दिला. चुकला फोटो तर पुसता येतो, इतकंच सांगितलं. मला मात्र चुकण्याची भीती जन्मापासूनची. बाहेर पडताना कडी लावली की नाही हे बघायला मी जिना दोनदा चढते.

आता स्टुडिओतली रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलं. खंडेनवमीला दादा सगळं सामान पुसून चौरंगावर मांडतात: कॅमेरे, लेन्सा, स्टँड, फ्लॅश. फ्लॅशचे सेल पूर्ण भरून ठेवायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि स्टीलच्या एका डब्यात घालून देवाजवळ ठेवायचं. तुळशीचं लग्न झालं की हंगामाची पहिली ऑर्डर येते, त्या दिवशी तो डबा उघडायचा. तोपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. मधल्या वाढदिवसाला, बारशाला जुने रोजचे सेल वापरायचे. पूजेचे सेल पहिल्या लग्नाला, म्हणजे वर्ष चांगलं जातं.

गेल्या वर्षी त्या पहिल्या लग्नाला आमचा फ्लॅश बसला.

गव्हाणजवळच्या एका गावात हळद होती, दिवेलागणीची वेळ. मांडवाला गुलाबी कापड, त्याच्याखाली सगळ्यांचे चेहरे गुलाबी. फ्लॅश मारला तरच माणूस माणसासारखा दिसणार. आगरी लग्नात धवलारीण असते. विधीची गाणी, धवले, तीच म्हणते आणि तिच्या गाण्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. तिने पहिला धवला सुरू केला, पहिल्या सवाशिणीने नवरीच्या गालाला हळद लावली, दादांनी बटण दाबलं, आणि काही नाही. फ्लॅश मारला की मागचा छोटा लाल दिवा विझतो, आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि दिवा परत लागला की पुढचा फोटो. त्या दिवशी तो दिवा परत लागेचना. दुसरी सवाशीण झाली, तिसरी झाली. नवरीचा मामा मोठ्याने म्हणाला, "फोटोवाल्याला पन पाट द्या बसायला, त्याचा दिवा दमलाय." मांडव हसला. दादाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

शेवटी मी बॅगेच्या तळातून रोजचे जुने सेल काढून दिले. ते आदल्या दिवशी सहज भरून ठेवले होते. त्या जुन्यापुराण्यांनी उरलेला कार्यक्रम निभावला. पण पहिल्या हळदीचे फोटो काळपट आले ते आलेच. धवलारणीचा तर चेहराच ओळखू येईना.

परत येताना दादा एकच वाक्य बोलले, की नजर लागली. खंडेनवमीला त्यांच्याच धंद्यातला एक जण प्रसादाला आला होता आणि डबा हातात घेऊन म्हणाला होता, सोन्यासारखे सेल आहेत. दादांनी सगळं त्याच्यावर ढकललं आणि नंतर वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

मला मात्र आठवत होतं की सेल चार्जरला मी लावले होते. हिरवा दिवा लागेपर्यंत मी थांबले होते का? बोर्डाचं बटण नीट दाबलं होतं का? मधेच वीज गेली होती का? मी ते दृश्य इतक्या वेळा मनात चालवलं की त्यातलं खरं किती आणि माझ्या भीतीने घातलेलं किती, ते कळेनासं झालं. कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ज्यांनी स्टूल दिलं त्यांची मान मी भर मांडवात खाली घालायला लावली, असं वाटत राहिलं. पुढच्या पहिल्या लग्नाला परत फ्लॅश बसला, तर दादांनी ठेवलं तरी आपण राहायचं नाही, गोदाम गाठायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

यंदा गणपतीत गंमत झाली. श्रावणातल्या एका साखरपुड्यासाठी मी ते मोठ्या आकड्याचे चार सेल भरून ठेवले होते, गेल्या वर्षी पूजेत होते तेच. साखरपुडा पुढे गेला. सेल तसेच खणात पडून. गणपतीच्या एका घरगुती फोटोला घाईत ते घातले आणि फ्लॅश दोन फोटोंत गप्प. या वेळी माझी खात्री होती, हिरवा दिवा मी डोळ्यांनी पाहिला होता. परत भरले, त्याच संध्याकाळी घातले, तर उत्तम चालले.

मग मी गुपचूप एक उद्योग केला. सेल भरून खणात ठेवायचे, वर तारखेची चिठ्ठी, आणि मधे मधे फ्लॅशमध्ये घालून बघायचं. चार दिवसांनी ठीक. दहा दिवसांनी लाल दिवा रेंगाळायला लागला. तीन आठवड्यांनी जवळजवळ मेलेले. सेल कोणी न वापरता, नुसते पडून पडून रिकामे होत होते. आणि पूजेच्या डब्यात तर ते सव्वा महिना बसतात.

आदल्या रात्री भरले असते तर प्रश्नच नव्हता. पण डबा उघडायचा नाही. दादांना जाऊन काय सांगणार? तुमच्या पूजेमुळे सेल मरतात? मी, आठवी सोडलेली, त्यांच्याच दुकानात उभी राहून? दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा दुसरंच बोलले. एकदा तर, झाडू संपलाय, असं म्हणाले.

नवरात्राआधी दादांनी स्वतःच विषय काढला. जुने सेल काढून टाकू, नवे दोन सेट आण, यंदा पहिलं लग्न एकाच मुलखातल्या दोन गावांचं आहे, दोन्हीकडची ऑर्डर आपली; मी नवऱ्याकडे जातो, तू नवरीकडे एकटी जा. सेल तूच निवड, आता तुला कळतं. आणि वर म्हणाले, आकडा मोठा बघून आण.

बाजारात एक म्हातारे दुकानदार आहेत, टॉर्च, रिमोट, सेल यांचं दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मला बघितल्याबरोबर सगळ्यात मोठ्या आकड्याचं पाकीट काउंटरवर ठेवलं. फोटोवाले हेच नेतात, म्हणाले. मी ते हातात घेतलं, परत ठेवलं, परत घेतलं. मग विचारलं, भरून ठेवले आणि वापरले नाहीत, तर किती दिवस राहतात?

चाचांनी चष्मा वर केला. "इतकी वर्षं सेल विकतोय बेटा, हे कोणी नाही विचारलं. सगळे विचारतात, किती फोटो निघतात." ते स्टुलावर चढले आणि मागच्या फळीवरून धूळ बसलेली पांढऱ्या सेलची पाकिटं काढली. आकडा पाहिला तर मोठ्याच्या दोन तृतीयांशसुद्धा नाही. हे कोणी मागत नाही, नंबर छोटा आहे ना, असं म्हणून त्यांनी फडक्याने धूळ पुसली. पण पडून राहण्याची गोष्ट असेल तर हेच, असंही म्हणाले.

दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर ठेवावा, पण माझं मन तसं नाही. पाकिटाच्या मागे बारीक इंग्रजी होतं. मी त्याचा फोटो काढून गावी धाकट्या बहिणीला पाठवला. ती बारावीला आहे. पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"सेल घेऊन राह्यली की परीक्षा देऊन राह्यली व ताई?"

मी म्हटलं, परीक्षाच आहे, नीट वाच. तिने शब्दाला शब्द लावून सांगितलं: भरून ठेवले तर वर्षभरानंतरही त्यातलं बरंचसं टिकून राहतं. मी दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, आता तुलेच शाळेत घालते. चाचा ऐकत होते, हसत होते. निघताना त्यांनी सांगितलं, चारचा सेट मोडू नको, एक जुना आणि तीन नवे असं कधी करू नको, एक दमला की बाकीचे तिघे त्याच्यापायी जातात. घरी येऊन मी एका सेटला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि दुसऱ्याला गुलाबी.

दादांनी पाकीट उलटंसुलटं केलं. आकडा वाचला. म्हणाले, कमी नंबरचे आणलेस? मी म्हटलं, हे जास्त टिकतात, चाचा म्हणाले. डब्याचं नाव काढलं नाही. वहिनी आतून म्हणाल्या, तुम्ही निवड म्हणालात ना, मग आता बघू नका. दादा बरं म्हणाले, पण त्यांच्या त्या बरंमध्ये काही बरं नव्हतं.

खंडेनवमीला मी आठही सेल भरले. प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागलेला वहिनींना बोलावून दाखवला, साक्षीला. दादा हळदीचं बोट सेलच्या टोकाला लावायला निघाले, तेव्हा धीर करून म्हटलं, दादा, अंगाला लावा, टोकाला नको, तिथून करंट जातो. त्यांनी ऐकलं. डबा बंद झाला.

त्यापुढचा सव्वा महिना मी त्या डब्यासमोर काम केलं. लॅमिनेशन करायचं आणि मान वर केली की तो डबा. एकदा दादा आणि वहिनी दोघंही बाहेर गेले होते. डबा उघडून, सेल भरून, परत ठेवायला वेळ भरपूर होता, कोणाला कळलं नसतं. मी स्टुलावर चढलेसुद्धा. झाकणावर वहिनींनी ठेवलेलं झेंडूचं फूल वाळून गेलं होतं. ते हलवलं असतं तर मला परत तसंच ठेवता आलं नसतं असं नाही. पण चोरी करून फ्लॅश चालला असता, तर गेल्या वर्षीची चूक माझी होती की डब्यातल्या सेलची, हे मला कधीच कळलं नसतं. उतरले.

हळदीच्या दिवशी दादांनी डबा उघडला, लाल ठिपक्याचे मला दिले, गुलाबी स्वतः घेतले. मग खिशातून वापरून टाकायच्या साध्या सेलचं नवं पाकीट काढून माझ्या बॅगेच्या कप्प्यात टाकलं. लागले तर असू दे, एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांनाही धाकधूक होती. माझ्या पर्समध्ये आधीच जुने चार सेल होते, आदल्या रात्री भरलेले. ते मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षीच्या गावापासून हे गाव हाकेच्या अंतरावर. मांडवात शिरले तर धवलारीण तीच. पाटावर बसून सुपारी कातरत होती. मला बघून तिने कातरणं थांबवलं.

"तूच ना गो ती? मागचे वर्साला माजा तोंड कालाच आलता. नातवाला दावला, तो बोलतं, आजी, यान तू खय हाय?"

बायका हसल्या. मी म्हटलं, आजी, आज नीट काढते. ती म्हणाली, बघू. आणि परत सुपारी कातरायला लागली.

नवरीला आणून बसवलं. धवलारणीने घसा साफ केला आणि धवला उचलला. पहिली सवाशीण पुढे आली, तिने हळदीत बोटं बुडवली. मी बटण दाबलं. उजेड पडला. लाल दिवा विझला, बारीक शिट्टी, आणि मी श्वास आत घेऊन तो सोडायच्या आत दिवा परत लागला. दुसरी सवाशीण. उजेड. तिसरी. नवरीच्या नाकाच्या शेंड्याला हळद लागली आणि तिला हसू आलं, तेही मिळालं. चौथ्या वेळेपर्यंत मी फोटोपेक्षा त्या दिव्याकडेच बघत होते. पाचव्या सवाशिणीनंतर दिव्याकडे बघायचं विसरले.

धवलारीण डोळे मिटून गात होती. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तिचे तीन फोटो काढले. तिसऱ्याला तिने एक डोळा उघडला. धवला संपल्यावर तिने कॅमेरा मागितला, मागचा पडदा डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला. दात नाय दिसत ते बरा झाला, म्हणाली, आणि तिच्या हातातली कातरलेली सुपारी माझ्या तळहातावर ठेवली.

नवरीची काकू मला जेवायला ओढत होती आणि माझा जीव नवऱ्याकडच्या गावात अडकलेला. दादांचा फोन नाही. म्हणजे फ्लॅश चालतोय की परत मामालोक हसतायत? मीच केला. तिकडे बेंजो बँडचा आवाज इतका की तीनदा विचारावं लागलं. शेवटी दादा ओरडले, "चाललाय गं, चाललाय. तू जेवलीस का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की माझे खांदे दुखतायत; किती दिवस ते वर उचलून धरले होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फोटो कॉम्प्युटरवर घेतले. दादा एकेक पुढे नेत होते. धवलारणीच्या उघड्या डोळ्याच्या फोटोवर थांबले, हसले, पुढे गेले. मी दादांचं साध्या सेलचं पाकीट न उघडता टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटून बघितलं, सील तसंच होतं. मग मागे न वळता म्हणाले, "गेल्या वर्षीचे सेल डब्यातच उतरले होते ना?"

मी हो म्हटलं.

"तुला कधी कळलं?"

गणपतीत, मी सांगितलं. खणातल्या चिठ्ठ्यांचंही सांगितलं. मग बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, पूजा तुमची आहे. दादांनी खुर्ची वळवली. त्यांना हसावं की रागवावं ते ठरवता येत नव्हतं. म्हणाले, ही रीत माझ्या वडिलांची. त्यांच्या वेळी फ्लॅशला बल्ब असायचे, एका फोटोला एक, उडाला की फेकायचा. ते डब्यात वर्षभर ठेवले तरी काही होत नसे. बल्ब गेले, सेल आले, डबा तोच राहिला. मी कधी विचारच केला नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, आणि खंडेनवमीला आलेल्या त्या बिचाऱ्याशी मी वर्षभर धड बोललो नाही.

वहिनी आतून म्हणाल्या, त्याला आजच फोन करा.

मग मी ते बोलून टाकलं. म्हटलं, मला वर्षभर वाटत होतं, चार्जर मीच नीट लावला नव्हता. तुमची मान माझ्यामुळे खाली गेली.

दादांनी विचारलं, "असं तुला कोण बोललं?"

"कोणी नाही."

"मग?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या दादांना म्हणाल्या, मी सांगत नव्हते का, ही पोरगी हल्ली जेवताना पण दचकते.

दादांनी ऑर्डरची वही ओढली आणि शनिवारच्या हळदीपुढे माझं नाव लिहिलं. एकटीचं. मी डोळे पुसले आणि लगेच सेल गोळा करून चार्जरकडे निघाले, तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, शनिवारला चार दिवस आहेत आणि हे सेल तूच निवडलेत, ते काही पळत नाहीत. आधी जेवून घे.

वहिनींनी ताट वाढलं होतं. मी सेल टेबलावर तसेच ठेवले आणि जेवायला बसले.